नाल्यापलीकडचा खांब

हबीबभाई गेल्याचं मला छापखान्यात कळलं. हातात नव्या पत्रकाचं कच्चं पान होतं. कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता, मान वर न करता म्हणाला, "नकाशेवाले हबीबभाई गेले म्हनते जी, पहाटी." मी पान टेबलावर ठेवलं. ही बातमी मला तिथंच मिळावी यात एक न्याय आहे. कारण गेल्या वर्षी त्याच टेबलाशी उभं राहून मी त्या माणसाला खुनी ठरवलं होतं. 'कागदी खुनी' हे शब्द माझे, आणि त्याखाली जाड खिळ्यांत त्यांचं नाव. ते पत्रक आम्ही युनियनवाल्यांनी सगळ्या चांद्यात वाटलं, बाजारात, स्टेशनावर, वीज कंपनीच्या फाटकावर. काय झणझणीत लिहिलंय म्हणून लोकांनी पाठ थोपटली, आणि मी ती पुढे केली. आज त्याची एखादी प्रत तरी कुणाकडे असेल की नाही, कोण जाणे... पण मी ते लिहिलं होतं, आणि ते अर्धं खोटं होतं. राहिलेलं अर्धं मी आजवर कुठंच छापलेलं नाही.

हबीबभाई वीज कंपनीत ट्रेसर होते. इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशावर पातळ मेणचट कापड पसरायचं आणि काळ्या शाईनं त्याची हुबेहूब नक्कल करायची, हे त्यांचं काम. वडील भांड्यांना कल्हई करायचे. हबीबभाईंनी तरुणपणी जमीनमोजणीच्या खात्यात साखळी धरली आणि तिथंच रेघ मारायला शिकले. पॉवरहाऊसच्या मागे एका खिडकीची त्यांची खोली होती. सदऱ्याच्या उजव्या बाहीला कायम शाई. त्यांनी उतरवलेला विजेच्या तारांचा मोठा नकाशा पॉवरहाऊसच्या भिंतीवर लावलेला असे, आणि तो शोभेसाठी नव्हता. कुठं तार तुटली, खांबावर माणूस चढवायचा झाला, की ड्यूटीवरचा ऑपरेटर त्या नकाशावर बोट ठेवून पाहायचा : या खांबात वीज कोणत्या बाजूनं येते? मग तो तेवढा स्विच पाडायचा, चिठ्ठी लिहून द्यायचा, आणि त्या चिठ्ठीच्या भरवशावर माणूस खांबावर चढायचा. एका बोटाच्या टोकावर एक जीव. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं.

दौलत मडावी हा कुरखेड्याकडचा लाइनमन. वर्षभर गावी शेतावर होता, परत कामावर आला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. लोहाऱ्याच्या जंगलातून मूलकडे जाणाऱ्या लाइनीवर नाल्यापलीकडच्या एका खांबाची तार धरणारी चिनी मातीची वाटी फुटली होती. ऑपरेटरनं नकाशा पाहिला, जंगलच्या लाइनीचा स्विच पाडला, चिठ्ठी दिली. दौलत चढला, आणि वरच राहिला. तार जिवंत होती. करंट आहे की नाही हे तपासायची काठी सगळ्या टोळ्यांत मिळून एकच, आणि ती त्या दिवशी बल्लारपूरच्या बाजूला गेलेली. कंपनीनं कागदावर लिहिलं, 'कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.'

मी भडकलो. भडकणं हेच तेव्हा माझं काम होतं, आणि इथं भडकायला कारणही होतं. मी विचारत गेलो तसं निघालं ते असं. त्याआधीच्या एका वादळात नाल्यावरची झाडं पडून तार तुटली होती. तेव्हा पलीकडची गावं अंधारात राहू नयेत म्हणून कोळशाच्या खदानीकडे जाणाऱ्या लाइनीवरून एक तात्पुरता जोड दिला होता. चार दिवसांसाठी दिलेला जोड तसाच राहिला. म्हणजे नाल्यापलीकडच्या खांबांत आता वीज दोन्हीकडून येत होती आणि भिंतीवरच्या नकाशात एकाच बाजूनं. नकाशाच्या कोपऱ्यात सही होती हबीबभाईंची. मला तेवढं पुरलं. मी पत्रक लिहिलं.

दोन दिवसांनी ते आमच्या युनियनच्या खोलीवर आले. पत्रकाची नीट घडी करून खिशात ठेवलेली. मी तयारच होतो, भांडणाला. ते बाकावर बसले, घाम पुसला.

"काय पत्रकवाले, सही माझीच हाये. बात बराबर हाये तुमची."

"मग?"

"एक बात सुटली. जोड दिला तं त्याचा कागद नागपूरले जाते, तिथून मंजुरी येते, मंग मी रेघ मारतो. तात्पुरत्या कामाचा कागदच नाई निघत. म्हनून नाई मारली. पन विचारायले पायजे होतं मी. नाई विचारलं." मग उठता उठता, "ऐतवारी लाइनवर येता का? शंकरभाऊ बी हायत."

शंकरभाऊ म्हणजे दौलतच्या टोळीतला जुना लाइनमन, पोंभुर्ण्याकडचा. दौलत गेला त्या दिवशी तो तापानं घरी पडला होता, आणि ते त्याच्या तोंडावर कायमचं लिहिलं गेलं होतं.

आम्ही तिघं लाइनीखालून चालत नाल्यापर्यंत गेलो. नाल्यापलीकडच्या त्या खांबाशी शंकरभाऊ उभा राहिला. आमच्याकडे न पाहता म्हणाला, "इथी डहाळी राहात होती."

"कसली डहाळी?"

"पळसाची. जंगलात रस्ता फुटते ना, तं पुढं गेलेला मानूस चुकीच्या वाटेवर डहाळी टाकून ठेवते. मागच्याले समजते, इकडून नाई जाचं. तसंच आमी करून राह्यलो होतो. ज्या खांबात करंट दोन्हीकून येते, त्याले डहाळी बांधाची. वाळली की येता-जाता दुसरी बांधाची. नकाशा हपिसातला, हे आमचं. दौलतले पक्कं ठाऊक होतं. डहाळी दिसती तं तो चढलाच नसता."

"मग ती गेली कुठं?"

शंकरभाऊनं माझ्याकडे पाहिलं. हबीबभाईंनी दुसरीकडे.

त्या डहाळ्या मी पाहिल्या होत्या. नुसत्या पाहिल्या नव्हत्या... दौलत मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या तरुण मंडळानं या भागात अंधश्रद्धेविरुद्ध फेरी काढली होती. खांबांना पाल्याचे झुबके वाखाच्या दोरीनं बांधलेले. एका खांबाला तर कुणी कुंकूही लावलेलं. मी ते पाहून खूश झालो. आयतं उदाहरण मिळालं. विजेच्या खांबालाही नवस बोलणारा अडाणी समाज, असं भाषण मी त्याच खांबाखाली केलं आणि पोरांना सांगितलं, तोडा रे ते. नाल्यापलीकडच्या खांबाची डहाळी मी स्वतः तोडली. गाठ घट्ट होती. दातांनी सोडवली.

मी शंकरभाऊला विचारलं, तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत? तो शांतपणे म्हणाला, "आमी नव्हतो तिथी. मंग दौलत गेल्यावर गावच्या लोकायनं सांगतलं, चांद्याचे भाऊ येऊन गेले. ते म्हने, आमी सांगत होतो, पन भाऊ भाषन करून राह्यले होते."

आम्ही परतलो. फाटकाशी हबीबभाईंनी माझा दंड धरला. "नकाशा नवा कराचा हाये. खांब न् खांब पाहून. तुमचे पाय जवान हायत. याल?" मला वाटतं, त्यांनी त्या क्षणी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी आम्ही चाललो. हबीबभाईंची रीत अशी की प्रत्येक खांबाखाली ते उताणे आडवे व्हायचे. डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टोपी कपाळावर ओढायची आणि तार न्याहाळायची. उभ्यानं पाहिलं तर वरची कोणती आणि खालची कोणती, कुठली कुठल्या वाटीवरून वळली, ते डोळ्याला फसवतं म्हणे. मलाही निजवायचे. मुंग्या चावायच्या. "पत्रकवाले, हालू नोका. तार मोजा, मुंग्या मंग मोजा." प्रत्येक खांबाचं एक कार्ड. त्यावर कंपनीचा आकडा, त्याखाली लोक त्या खांबाला काय म्हणतात ते (चिचेचा, गिरणीचा, म्हातारीच्या वावरातला), वीज कुठून कुठून येते, आणि कोणकोणते स्विच पाडले म्हणजे तो खांब मरतो. शेवटची ओळ लाल शाईनं. रात्री घरी बसून त्यांनी तीन कापडं उतरवली : एकावर रस्ते आणि नाले, दुसऱ्यावर जंगल आणि गावं, तिसऱ्यावर फक्त तारा. एकावर एक ठेवली की तार नेमकी कुठं नाला ओलांडते, कुठं दाट झाडीत शिरते, बोटाखाली दिसायचं. मी आयुष्यात एवढी चोख गोष्ट पाहिलेली नाही. माझ्या पत्रकांतही नाही.

दरम्यान नागपूरहून चौकशीला वरचे साहेब आले. सगळ्यांसमोर विचारलं, खांबांवर खूण होती म्हणतात, ती कुणी काढली? मी दाराशीच उभा होतो, काखेत पत्रकांचा गठ्ठा. शंकरभाऊ जमिनीकडे पाहत होता. हबीबभाई म्हणाले, "साहेब, खूण नकाशावर असाले पायजे होती. खांबावर होती की नव्हती, तो सवाल मंगचा." साहेबांनी लिहून घेतलं. मला दोन वाक्यं बोलायची होती, आणि रोज दोनशे वाक्यं बोलणाऱ्या माझ्या तोंडातून ती निघाली नाहीत. चौकशी संपली.

नकाशा तयार झाला, पण भिंतीवर जाईना. आमचे चांद्याचे साहेब म्हणाले, हा मंजूर नाही. ट्रेसरनं नक्कल करायची असते, नकाशा काढायचा नसतो. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हा नकाशा लावला की जुना चुकीचा होता हे कंपनीनंच कबूल केलं, आणि मग दौलतचा निष्काळजीपणा कुठं राहतो? मी पत्रकं काढली, फाटकावर बोललो. नकाशा गुंडाळीतच राहिला. आणि नाल्यापलीकडे कधीही एखादी तार तुटणार, कुणीतरी चढणार, हे आम्ही तिघं जाणून होतो. आभाळ भरून आलं की मी पॉवरहाऊसकडे चक्कर मारायचो. हबीबभाई खिडकीतून वर पाहायचे आणि टाक खाली ठेवायचे.

होळीच्या आधी गारपीट झाली. सकाळी निरोप आला : नाल्यापलीकडे तार लोंबते आहे, खाली रस्ता आहे, बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या आहेत. साहेब स्वतः पॉवरहाऊसमध्ये आले. जंगलच्या लाइनीचा स्विच पडला. ऑपरेटरनं चिठ्ठी लिहून शंकरभाऊपुढे धरली. शंकरभाऊनं हात मागे घेतला.

"खदानीचा बी पाडा साहेब. मंग जातो."

"खदानीचा कशाला? तिथं पंप चालू आहेत."

"मी नाई जात."

साहेब लाल झाले. कामावरून काढतो म्हणाले. शंकरभाऊ म्हणाला, "काढा जी. घरी जाईन. वर तं नाई जात." टोळीतले बाकीचेही भिंतीला टेकून उभे राहिले. तेवढ्यात हबीबभाई आले, काखेत गुंडाळी. त्यांनी ती टेबलावर उलगडली, चारी कोपऱ्यांवर हाताला येतील त्या वस्तू ठेवल्या आणि नाल्यापलीकडच्या खांबावर बोट ठेवलं. "दोन बाजू साहेब. मी स्वतः पाह्यली."

"कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम नव्हता."

साहेबांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. दौलत मेला तेव्हा ते इथंच होते. तेही रात्री झोपत नसतील, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. शेवटी ते नुसते मागे सरले. हबीबभाईंनी आधी टेलिफोन उचलला आणि खदानीला विचारलं, खाली माणसं आहेत का? पाळी बदलायची होती, माणसं वर येत होती. ती सगळी वर आल्याचं कळेपर्यंत ते फोन कानाला लावून उभे राहिले. मग त्यांनी खदानीचा स्विच पाडला, त्याच्यापुढे स्टूल ओढलं आणि बसले. चिठ्ठीवर दोन्ही स्विच लिहिले गेले. शंकरभाऊ गेला.

त्यानंतरचे तास मी विसरणार नाही. फोन वाजत राहिला. खदानीचा मॅनेजर ओरडत होता, पाणी चढतंय, लाइन द्या. साहेब फोन ठेवायचे आणि हबीबभाईंकडे पाहायचे. एकदा पुढेही आले. हबीबभाई उठले नाहीत. "पानी चढते त्याले वेळ लागते साहेब. करंटले नाई लागत." जेवणाची वेळ गेली, नमाजाची गेली. मी पाणी आणून दिलं तर एका हातानं प्याले. दुसरा हात स्विचच्या दांड्यावरून काढला नाही. मी जमिनीवर बसलो होतो. माझ्या डोक्यात एकही घोषणा नव्हती. फक्त शंकरभाऊ खांबावर कुठवर चढला असेल, एवढंच.

तो परत आला तेव्हा चिखलानं माखलेला होता. चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, काय झालं?

"काई नाई झालं जी. तार बसवली."

हबीबभाईंनी स्विच वर केला आणि स्टूल होतं तिथं परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः उभं राहून सुताराकडून नव्या नकाशासाठी भिंतीत खिळे ठोकून घेतले. याचं पत्रक कसं काढायचं, मला कळेना. काहीच झालं नाही, ही बातमी कुठल्या जाड खिळ्यांत छापतात?

उन्हाळ्यात त्यांना जंगलातल्या हिवतापानं धरलं आणि तो उतरून उतरून चढत राहिला. शेवटचे भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, बाहीला शाई नव्हती, ते बघवेना. मी म्हणालो, मी सगळं जाहीर करतो. डहाळी मी तोडली, छापतो तसं.

"छापा. पन माझ्यासाठी नोका छापू." मग धाप लागली. "पयले दौलतच्या बाईले सांगा."

आषाढात ते गेले. कब्रस्तानात लाइनमन झाडून सगळे होते, साहेबही. त्यानंतरच्या आठवड्यात मी कुरखेड्याकडे गेलो. दौलतची बायको मैनाबाई धानाच्या रोवण्यावर होती, गुडघाभर चिखलात. मी बांधावरूनच सांगितलं, जसं घडलं तसं, भाषण न करता. ती ओळ संपेपर्यंत रोवत राहिली. मग सरळ उभी झाली.

"हे त्या नकाशेवाल्याले ठाऊक होतं?"

"हो."

"तो आला होता इथी. दोन खेपा. म्हने, बाई, नकाशा माझा चुकला." तिनं हातातली पेंढी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी त्याले पानी बी नाई देल्लं."

ती पुन्हा वाकली. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

परवा पॉवरहाऊसमध्ये गेलो होतो. ऑपरेटर नकाशापुढे उभा राहून कुणाला तरी चिठ्ठी देत होता, म्हणून मी थांबलो आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो नकाशा सावकाश वाचला. खाली, पोंभुर्ण्याच्या अंगाला, आम्ही पोचलो नव्हतो त्या तीन ठिकाणी तारेची रेघ तुटलेली आहे. हबीबभाईंनी तिथं जुन्या नकाशावरून उतरवून घेतलेलं नाही, अंदाजानं जोडलेलं नाही. बारीक, सुबक अक्षरांत तिन्ही ठिकाणी लिहिलं आहे : 'पाहिले नाही.' आजवर मी एवढी पत्रकं लिहिली, त्यांत हे दोन शब्द मला एकदाही लिहावेसे वाटले नव्हते.

मी ऑपरेटरला विचारलं, तिकडं तार तुटली तर काय करता? तो म्हणाला, "असं लिवलं हाय तं सगळेच स्विच पाडतो जी. हबीबभाईनंच सांगून ठेवलं हाय."

येत्या रविवारी शंकरभाऊ आणि मी तिकडे निघतो आहोत. कार्डं घेतली आहेत, लाल शाई घेतली आहे. रेघ मारायला मला येत नाही. आडवं होऊन पाहता येतं.